दोन वयांची गाडी

जुन्या गाडीला कुठलं ऑइल घालावं, हा प्रश्न चारचौघांत एकदा टाकून पाहावा. मुलाच्या लग्नाबद्दल, पेन्शनबद्दल, गावाकडच्या जमिनीबद्दल हातचं राखून बोलणारी माणसं या एका विषयावर मन मोकळं करतात. डिझेल कुठल्या पंपावर भरता, असं कुणी कुणाला फारसं विचारत नाही. टायरचं बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. पण ऑइल म्हटलं की खुर्च्या पुढे सरकतात. कारण बहुधा असं असावं, की ऑइल एकदा आत गेलं की दिसत नाही. जे दिसत नाही त्याबद्दल ठाम राहणं सोपं जातं, आणि नंतर गाडीचं जे काही बरं होईल त्याचं श्रेय घ्यायलाही जागा राहते. घरात कुणी आजारी पडलं की सगळी आळी पथ्य सांगायला येते, तसंच हे. फरक इतकाच, की आजारी माणूस निदान तोंड वाकडं करू शकतो.

माझी फियाट लिनिया २०१० सालची, डिझेलवरची. पंधरा वर्षं पुरी झाली तसं आरटीओनेही तिचं वार्धक्य रीतसर मान्य केलं. पुन्हा नोंदणी, वर पर्यावरण कर, आणि तपासणीच्या रांगेत बॉनेट उघडं टाकून उन्हात उभं राहणं. तिचा जन्म रांजणगावचा. अष्टविनायकांतला महागणपती जिथे बसला आहे त्याच गावच्या एमआयडीसीत या गाड्या आणि त्यांची इंजिनं तयार होत. इंजिन तसं छोटंच, १२४८ सीसीचं, टर्बो लावलेलं. मूळ इटलीचं हे कुळ आपल्याकडे इतकं फोफावलं, की स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या घराण्यांत तेच नांदत होतं, आणि गाडीवेडे लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ चे नियम आले आणि ते आपल्या बाजारातून निघून गेलं. फियाटच्या नव्या गाड्या तर त्याच्या आधीच आपल्याकडे मिळेनाशा झाल्या होत्या. म्हणजे आता या गाडीला माहेर नाही. अशा गाडीची काळजी जरा जास्तच घ्यावीशी वाटते, हे मी तर्काने सिद्ध करू शकणार नाही.

ऑइलबद्दल गॅरेजच्या मिस्त्रींचं मत तयार होतं. त्यांनी डिपस्टिक काढली, कॉटनवेस्टने पुसली, पुन्हा आत घालून उजेडाला धरली. दोन खुणांच्या मधोमध असायला हवं ते तेल खालच्या खुणेला टेकलं होतं. मग थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, सराफ नथीतला मोती चोळतो तसा, आणि म्हणाले, “साहेब, गाडी ऑइल खाते. वय झालं. आता पातळ ऑइल सोडा, वीस-पन्नास घाला.” शेजारचे काका इंजिनांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. ते ‘फुल्ली सिंथेटिक’च्या खाली यायला तयार नाहीत, मिनरल ऑइलचं नाव काढलं तरी चष्मा काढून पुसायला लागतात. शिकागोच्या मावसभावाने फोनवर सांगितलं, की तिकडे आता सगळे झिरो-वीस घालतात, अगदी पाण्यासारखं असतं. मेहुण्याचं म्हणणं, ऑइलपेक्षा गाडी बदला. चौघांच्याही बोलण्यात माया होती, आणि चौघांपैकी कुणीही गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून पाहिली नव्हती.

मिस्त्रींचं ते वाक्य मात्र मनातून जाईना. वय झालं, आता जाड घाला. या एका सल्ल्यात आपला वार्धक्याकडे पाहण्याचा सगळा शिरस्ता आलेला आहे. माणूस म्हातारा झाला की त्याला जाड स्वेटर, जाड भिंगं, जाड गादी, आणि त्याच्याशी बोलायचं तेही जाड आवाजात. भेगा पडल्या की त्या भरून काढायच्या, एवढंच आपल्याला सुचतं. आणि मिस्त्री खोटं बोलत नव्हते. वर्षानुवर्षं पिस्टन वर-खाली झाले की रिंगा झिजतात, सिलिंडरची भिंत झिजते, त्या फटीतून तेल वर चढून जळतं आणि मागून निळसर धूर येतो. तेल दाट असेल तर ते फटीतून कमी निसटतं, दाबही जरा टिकतो. इंजिनाचं काम काढलं तर खर्च मोठा. त्यापेक्षा दाट तेल घालून आणखी काही वर्षं काढावीत, हा गॅरेजमधला जुना, गरिबाची कणव असलेला शहाणपणा आहे. त्याला हसण्याची माझी प्राज्ञा नाही.

आमच्या लहानपणी हा पेचच नव्हता. माझ्या काकांच्या पद्मिनीला आम्ही ‘फियाट’च म्हणायचो, आणि तिला जे लागायचं ते ‘ऑइल’. त्याला आकडे असतात हे कुणाला ठाऊक होतं! बाबांच्या चेतकमध्ये तर ते पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचं, पंपावरचा माणूस वर न पाहता “ऑइल कितीचं?” विचारायचा आणि बाबा रुपयांत उत्तर द्यायचे. घरात तेलाचा धाक एकाच जातीचा होता, तो एरंडेलाचा. सुट्टी लागली की पहिल्या रविवारी आजी सुंठीच्या काढ्यात ते घालून आम्हा सगळ्यांना ओळीने बसवायची. त्याच एरंडेलावर एके काळी शर्यतीच्या मोटारी पळत आणि पहिल्या महायुद्धातली विमानं उडत, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं तेव्हा आजीबद्दलचा आदर दुणावला. उष्णता वाढली तरी ते आपला चिवटपणा सोडत नाही आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून त्या काळच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांना ते मानवे. इंजिनातून उडालेला त्याचा फवारा मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जाई, आणि त्याचा जो परिणाम आम्हाला सुट्टीच्या पहिल्या रविवारी भोगावा लागे तोच त्या बिचाऱ्याला आकाशात भोगावा लागे. शत्रूची विमानं समोर, आणि पोटात ही गडबड! युद्धाच्या इतिहासात शौर्याची ही बाजू पुरेशी लिहिली गेलेली नाही.

आता डब्यावर आकडे असतात, आणि आकड्यांमध्ये एक ‘डब्ल्यू’. हा डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या अलीकडचा आकडा तेल थंडीत किती पातळ राहतं ते सांगतो, पलीकडचा तापल्यावर किती दाट राहतं ते. पाच-डब्ल्यूच्या तेलाची परीक्षा प्रयोगशाळेत उणे तीस अंशांवर होते, पंधरा-डब्ल्यूची उणे वीसवर, वीस-डब्ल्यूची उणे पंधरावर. पुण्याच्या नोंदीतली सगळ्यात कडक थंडी १.७ अंशांची, आणि तीही १९३५ च्या जानेवारीतली. नाहीतर अकरा-बारा अंशांना आम्ही कानटोपी घालून, पेपरातला आकडा एकमेकांना वाचून दाखवून, चहाचा दुसरा कप मागतो. अशा गावात उणे तीसला न गोठणारं तेल विकत घेणं म्हणजे सदाशिव पेठेत हिमवादळाचा विमा उतरवणं, असं मलाही वाटलं होतं. पण पहिला आकडा नुसता गोठण्याचा नाही. सकाळी चावी फिरवली की तळाच्या चेंबरमध्ये रात्रभर निथळून बसलेलं तेल वरपर्यंत पोचायला किती वेळ घेतं, त्याचाही तो आहे. आणि त्या वाटेवर शेवटच्या घरांपैकी एक घर टर्बोचं असतं.

टर्बो ही मोठी विलक्षण वस्तू आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. धुराबरोबर जी ऊर्जा फुकट बाहेर जाते ती त्याला बघवेना. म्हणून त्याने त्या धुराच्या वाटेत एक चाक ठेवलं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक बसवलं, आणि बाहेर जाणाऱ्या धुराकडून आत येणारी हवा कोंबून घेतली. जाणाऱ्याने येणाऱ्याला हात द्यावा, इतकी सुसंस्कृत कल्पना यंत्रशास्त्रात क्वचितच सापडेल. माझ्या गाडीएवढ्या इंजिनातलं हे चाक लिंबाएवढं, पण भरात आलं की मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतं. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेतीनशे फेऱ्या मारतो, आणि त्यालाही आपण ‘जरा कमी कर’ म्हणतो. एका अंगाला सातशे अंशांचा धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा, आणि मधला दांडा धरून ठेवायला बॉलबेअरिंगसुद्धा नाही बहुतेकांत. तो दांडा तेलात तरंगतो. केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर, धातूला धातू न लागू देता, पंधरा पंधरा वर्षं तरंगत राहतो. हे समजल्यापासून घाटात मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला तरी मला राग येत नाही. बॉनेटखाली काय चाललं आहे याची कल्पना असलेला माणूस आपोआप नम्र होतो.

तर त्या दांड्याला तेल हवं ते चटकन पोचणारं. तिथे तेलाचं काम नुसतं वंगणाचं नसून उष्णता वाहून नेण्याचंही आहे, म्हणजे ते वाहतं असायला हवं. फार दाट तेल सकाळी उशिरा पोचतं, आणि ते दोन-चार सेकंद दांड्याच्या वाट्याला कोरडेपणात येतात. म्हणजे झालं काय, की गाडी एक आणि तिच्यात वयं दोन. रिंगा म्हणतात, आम्ही थकलो, आम्हाला दाट द्या. टर्बो म्हणतो, मला अजून दोन लाख फेऱ्या मारायच्या आहेत, मला चपळ द्या.

हा पेच मी घरात रोज पाहतो. आई ऐंशी ओलांडून गेली. जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते, कठडा धरते, मधल्या वळणावर थांबून भिंतीवरचं मीटर वाचल्यासारखं करते. पण संध्याकाळी मेंढीकोटाचा डाव मांडला की चारही दश्शे कुठे गेले, कुणाच्या हातात कोणता रंग संपला, हे तिला शेवटच्या पानापर्यंत पाठ. आमची पानं लावून होण्याआधी तिचं पान पडलेलं असतं, वर “झोपलात काय रे?” हा प्रश्न. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी एकदा जे औषध दिलं त्याने ती दिवसभर पेंगायला लागली. दुखणं थांबलं, पण मेंढीकोटही थांबला. मग तिनेच ते औषध बंद केलं आणि म्हणाली, “दुखू दे जरासं. मला डाव दिसला पाहिजे.” डॉक्टरांनी औषध बदललं, मात्रा कमी केली, आणि गुडघा नि डोकं दोघांनाही अर्धं अर्धं पटेल असं काहीतरी दिलं. वीस-पन्नासचा डबा हातात घेऊन उभा असताना मला तिचं ते वाक्य आठवलं, आणि डबा परत फळीवर ठेवताना दुकानदाराला काय कारण सांगावं ते सुचेना.

टर्बोवाल्यांच्या घरात आणखी एक संस्कार असतो, तो थांबण्याचा. घाट चढून आलं, किंवा एक्स्प्रेसवेवरून दामटून आलं, की लगेच चावी फिरवायची नसते. इंजिन बंद झालं की तेलाचा पंप थांबतो, पण लिंबाएवढं ते चाक अजून फिरत असतं आणि त्याचं घर लाल तापलेलं असतं. तिथे अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळसा तेलाच्याच बारीक वाटा बुजवतो. म्हणून मिनिटभर गाडी नुसती उभी ठेवायची. गावात रमतगमत फिरून आल्यावर याची गरज नसते, हे मला माहीत आहे. तरी मी थांबतो. आमच्या घरात हे मिनिट आता कुटुंबाच्या मालकीचं झालं आहे. पहिल्यांदा सगळे वैतागायचे. “अहो, बंद करा ना, पोचलोय आपण.” मग सवय झाली. गाडी घरासमोर, दिवे विझलेले, कुणाला उतरायची घाई नाही, आणि सबंध प्रवासात जे कुणी बोललं नाही ते त्या मिनिटात निघतं. मुलीने नोकरी सोडायचं ठरवल्याचं आम्हाला तिथेच कळलं. मागच्या सीटवरून आवाज आला, आणि मी आरशात न पाहता म्हणालो, बरं. टर्बो थंड होईस्तोवर आम्ही तिघेही बरेच थंड झालो होतो. ऑइलच्या डब्यावर छापायला हरकत नाही असा हा फायदा आहे.

तेलही म्हातारं होतं, हे आपण विसरतो. थंडीत पातळ आणि उष्णतेत दाट अशी दुहेरी भूमिका करण्यासाठी त्यात पॉलिमरचे लांबलचक रेणू घातलेले असतात. थंड असताना ते अंग आखडून बसतात, तापले की पसरतात. पण हजारो किलोमीटर गिअर-बेअरिंगांत चेंगरून हे रेणू तुटतात, आणि डब्यावर चाळीस म्हणून आलेलं तेल हळूहळू चाळिशीतून खाली घसरतं. माणसाची चाळिशी पुढे सरकते, तेलाची मागे. निसर्गाने समतोल कुठे साधावा याला काही नियम नाही. काळं पडतं ते मात्र वयाने नाही. डिझेलच्या गाडीत ताजं तेल घातलं की दोन-चार दिवसांत काळं होतं, आणि नवखे मालक हताश होऊन गॅरेजला फोन करतात. ती काजळी तेलाने स्वतःच्या अंगावर घेतलेली असते, इंजिनाच्या अंगावर साठू नये म्हणून. जे तेल काळं होत नाही त्याचाच संशय घ्यावा. आणि चेंबरखालचा नट सैल केल्यावर जी काळी, चकचकीत, गरम धार पत्र्याच्या घमेल्यात पडते तिचाही जन्म तिथे संपत नाही. ते जळकं ऑइल बांधकामावरचे सेंटरिंगवाले नेतात आणि पत्र्याच्या प्लेटांना फासतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. कुणाच्या तरी नव्या घराच्या स्लॅबखाली माझ्या गाडीचा घाट चढण्याचा सगळा इतिहास लागलेला असणार.

शेवटी मी पुस्तिका काढली. ग्लव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या जुन्या कागदांखाली, महागणपतीच्या वाळलेल्या दूर्वांसकट ती पडली होती. त्या पानावर ना मिस्त्रींचं वीस-पन्नास होतं, ना शिकागोचं झिरो-वीस. आकडा मधला होता, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत एक मानक लिहिलं होतं. टर्बो डिझेलची काजळी आणि उष्णता झेपेल असं तेल, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांनी हे इंजिन घडवलं त्यांनी गाडीच्या दोन्ही वयांचा विचार आधीच करून ठेवला होता. मिस्त्रींना पान दाखवलं. त्यांनी ते हात लांब करून वाचलं आणि म्हणाले, “कंपनीने लिहिलंय तर तेच घाला. पण मग दर हजाराला डिपस्टिक बघा, खाल्लं तेवढं वर टाका. आणि फ्लश-बिश मारू नका. आत बसलेला चिकटा सुटला तर टर्बोच्या नळीत जाईल.” इतका शहाणा सल्ला त्यांच्यापाशी पहिल्यापासून होता, कागद समोर आल्याशिवाय तो बाहेर पडत नव्हता. गाडी अजून थोडं तेल खाते. खाऊ दे जरासं.

तो मधला आकडा कोणता, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण तुमची गाडी वेगळी आणि तिची पुस्तिकाही वेगळी. ती काढा, त्या पानावरचा आकडा आणि मानक दोन्ही चिठ्ठीवर उतरवा आणि डब्याच्या पाठीमागची बारीक अक्षरं तिच्याशी ताडून मगच पैसे द्या. जुन्या टर्बोला महागड्या तेलापेक्षा वेळेवर बदललेलं तेल जास्त मानवतं. सांगितलेल्या मुदतीच्या हजार-दोन हजार किलोमीटर आधीच बदललंत तर उत्तम. आणि रिकामा डबा गॅरेजमध्येच सोडून येऊ नका. तिथल्या पोऱ्याला सांगून तुमच्यासमोर स्क्रू-ड्रायव्हरने त्याला भोक पाडून घ्या, नाहीतर तोच डबा भलत्याच तेलाने भरून, नवं बूच लावून पुन्हा दुकानात येतो.